गाडीत उरलेली वीज

आमच्या घरात एक मशीन अखंड घरघरत असतं. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीवाटे देणारं, प्रवासाच्या चाकांच्या बॅगेएवढं. ती नळी माझ्या नवऱ्याच्या नाकाला लावलेली असते. नवऱ्याला मी कधी नावानं हाक मारली नाही, तेव्हा इथंही ‘हे’च म्हणते. हे पंचवीस वर्षं एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, इलेक्ट्रिशियन होते. साच्यांच्या वाळूची धूळ इतकी वर्षं छातीत जात राहिली आणि पन्नाशीच्या आतच फुफ्फुसं कडक झाली. दौंडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही आता बरी व्हायची नाहीत, फक्त ऑक्सिजन तुटू देऊ नका.

ऑक्सिजन म्हणजे आमच्यासाठी लाईट. लाईट गेली की मशीन बंद. मशीन बंद झालं की पाच-दहा मिनिटांत बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा त्र्याण्णववरून पंच्याऐंशीवर येतो, मग ऐंशीवर. आधी ओठ जांभळे दिसायला लागतात, मग ह्यांना राग येतो. विनाकारण येतो. ऑक्सिजन कमी पडला की माणूस चिडतो हे मला पहिल्यांदा माहीत नव्हतं, मी त्या रागाला उत्तरं देत बसायची.

आम्ही मांडवगण फराट्याच्या शिवारात राहतो, गावापासून दोन किलोमीटर आत. गावातलं आमचं घर बौद्धवस्तीत, अगदी रस्त्याला लागून. उसाच्या ट्रॅक्टरांचा धुरळा दिवसभर घरात यायचा, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही आमच्या शेतात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं स्लॅबचं घर बांधलं. हवा चांगली मिळाली. लाईट मात्र दिवसातून चार वेळा जायची. शेजारी एकच वस्ती, आप्पांची. आप्पा, त्यांचा मुलगा आणि सून. त्यांचा ऊस आहे आणि बांधाच्या पलीकडं शेवंती.

तीन वर्षांपूर्वी हे दौंडला तीन आठवडे ऍडमिट होते. त्याच वेळी मी एकटीनं ठरवून छतावर सोलर बसवलं. मी न्हावऱ्याच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. मांडवगणहून न्हावरं, न्हावऱ्याहून घर, घरून ह्यांना घेऊन दौंड, असं एसटीनं आणि लोकांच्या गाड्यांनी करून मी मेटाकुटीला आले होते. एकेका वेळी सिलेंडर मांडीवर धरून रिक्षात बसायची. शिरूरचा कंत्राटदार माप घ्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, “मॅडम, बॅटरीवालं पाहिजे का बिनबॅटरीचं?” बॅटरीवालं घेतलं असतं तर गाडी घेता आली नसती. मला गाडी हवी होती. विजेवर चालणारी, म्हणजे छतावरच्या उन्हावर चालणारी. मी म्हटलं, बिनबॅटरीचंच द्या.

तो पुढं बरंच काही बोलला. ऑनग्रिड, नेट मीटर, सप्लाय सिंक होणं. मी मान हलवत राहिले. वर्गात न कळलेल्या गोष्टीला माना हलवणारी मुलं मला बरोबर ओळखू येतात. त्या दिवशी मी तशीच मान हलवली आणि सही केली. त्याच आठवड्यात घरातला जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी भंगारवाल्याला देऊन टाकली. आता सोलर आलंय, हे धूड कशाला जागा अडवायला, असं मला वाटलं.

हे घरी आले, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून त्यांनी छताकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या सोलरच्या डब्याकडं बराच वेळ पाहिलं. म्हणाले, “चांगलं केलंस.” एवढंच. पुढं गाडी निवडताना मात्र त्यांनी एक हट्ट धरला. ज्या गाडीतून वीज बाहेर काढता येते, तीच घ्यायची. चार्जिंगच्या तोंडाला एक अडॅप्टर लावायचा, त्यात घरातली कुठलीही पिन बसते. मला तो पुरुषांचा खेळ वाटला. ते असं का म्हणत होते, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ती दोन वर्षं बरी गेली. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाडी पडवीत लावून मी दुपारच्या उन्हावर चार्ज करायची. लाईट जायची, पण तासाभरात यायची. तेवढ्यापुरता सिलेंडर होता. शाळेतले सहकारी मला विचारायचे, खर्च किती येतो, गाडी चढ चढते का, आणि मी सगळं हौसेनं सांगायची. मला स्वतःचा अभिमान वाटायचा, ते खोटं कशाला सांगू.

मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला वादळ झालं. पाऊस थोडा आणि वारा भयंकर. आप्पांच्या गोठ्याचा पत्रा आमच्या बांधावर येऊन पडला. लाईट गेली. ह्यांना सिलेंडर लावला. तास झाला, दीड तास झाला, लाईट येईना. गावाकडं पाहिलं तर गावातही दिवा नव्हता, नदीच्या अलीकडचं सगळंच विझलेलं.

“गाडी घे जवळ,” हे म्हणाले.

मी गाडी दारापर्यंत आणली. त्यांनी खुर्चीत बसूनच सांगितलं तसा अडॅप्टर लावला, त्यात वायर जोडली आणि खिडकीतून आत घेतली. मशीन घरघरायला लागलं. ह्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. कामावरून नीट काम करून आलेल्या माणसाचा चेहरा. गाडीत एकसष्ट टक्के चार्ज होता. मी म्हटलं, उद्या ऊन पडलं की आपली वीज सुरू होईलच, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. ह्यांनी गाडीवरचा टक्का पुन्हा एकदा विचारून घेतला.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. आठ वाजताच ऊन चटके देत होतं. सोलरच्या डब्यावर लाल दिवा होता आणि छोट्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ग्रिड नाही. मला वाटलं, पॅनलवर पालापाचोळा पडला असेल. बादली आणि फडकं घेऊन छतावर गेले. बोअरची मोटार बंद, टाकीत पाणी कमी, तरी अर्धी बादली त्यासाठी खर्च केली. एकेक पॅनल पुसला. खाली येऊन पाहिलं. लाल दिवा.

घरात रेंज नव्हती. बांधावरून चालत कालव्याच्या पुलापर्यंत गेले की थोडी यायची. तिथून कंत्राटदाराला फोन लावला.

“मॅडम, लाईट नाय ना? मग ते बंदच राहणार.”

“अहो, पण ऊन आहे. लख्ख ऊन आहे.”

“ऊन असू द्या. ऑनग्रिड आहे तुमचं. लाईनला करंट असला तरच आपलं चालू होतं. नायतर आपला करंट उलटा लाईनीत जाईल, पोलवरचा वायरमन मरंल. म्हणून ते आपोआप बंद होतं. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

सांगितलं होतं त्यानं. मी मान हलवली होती.

घरी आले आणि ह्यांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“कधीपासून?”

“बघितलं तवाच. डबा बघितल्यावर कळतं की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू एवढं करून ठेवलं हुतंस,” हे म्हणाले, “आन् मी दवाखान्यातनं आल्या आल्या काय चुका काढू?”

मग मला गाडीचा हट्ट कळला. माझी चूक ते आपल्या परीनं भरून काढत होते, मला न सांगता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवत उभी राहिले. रडायला वेळ नव्हता असं नाही. पण रडले असते तर ते उठून आले असते आणि तेवढं चालणंही त्यांना परवडत नव्हतं.

दुपारी आप्पांचा मुलगा मोटारसायकलवर जाऊन बातमी घेऊन आला. मेन लाईनचे पोल एका ओळीनं आडवे झालेत, जिथून गावाला सप्लाय येतो तिथंही झाड पडलंय. तीन दिवस, कदाचित चार. जनरेटर मिळतोय का ते त्यालाच बघायला सांगितलं. मंडपवाल्यांचे सगळे जनरेटर लग्नांना गेलेले. एकाकडं होता, तो त्यानं दूध डेअरीला दिलेला.

मी वही घेऊन बसले. मशीन दिवसरात्र चालवलं तर गाडीचा चार्ज चोवीस तासांत वीस-बावीस टक्क्यांनी उतरत होता. वीस टक्क्यांवर गाडी वीज बाहेर देणं बंद करते, चाकांसाठी राखून ठेवते. म्हणजे दोन दिवस, तेही कसेबसे. शिवाय अगदीच वेळ आली तर ह्यांना दौंडला न्यायला चार्ज उरायला हवा होता. मोठा सिलेंडर एक, अर्ध्याहून थोडा जास्त. ह्यांना आत्ताच दौंडला न्यावं हे पहिल्यांदा मलाच सुचलं. पण आधीच्या खेपेला तिथं तीन आठवडे हात बांधून ठेवावे लागले होते ह्यांचे, नळ्या ओढतात म्हणून. हे म्हणाले, “मला घरी मरू दे, पण तिकडं नको.” मी म्हटलं, मरायचं बोलू नका. ते म्हणाले, “मग दवाखान्याचं बोलू नको.”

संध्याकाळी आप्पांची सून आली. हातात दोन मोबाईल. “बाई, तुमच्या गाडीवर जरा चार्जिंगला लावू का? माहेरी फोन करायचाय, सगळ्यांचेच बंद पडलेत.”

मी नाही म्हटलं.

दोन मोबाईलना काहीच लागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मशीन दोन-चार मिनिटांत खातं तेवढंही नाही. पण दिवसभर मी पडद्यावरचा टक्का उतरताना पाहत होते आणि प्रत्येक टक्का मला ह्यांचा श्वास वाटायला लागला होता. मी म्हटलं, “नको गं, ह्यांच्यासाठी ठेवलीय.” ती पदर सावरत बांधावरून परत गेली. हे आतून ऐकत होते. मला म्हणाले, “असं नको वागू.” मी त्यांच्यावर ओरडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर सत्तावीस टक्के होते. आदल्या दिवशी ह्यांनी दोनदा मशीन बंद करून घेतलं होतं, बसल्या जागी चालतंय मला, असं म्हणून. मी बोटाचं यंत्र लावून पाहिलं तर ब्याऐंशी. पुन्हा चालू केलं. अंगात ताकद नव्हती त्यांच्या. गरमीनं खोली भाजत होती, पंखा नाही. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. बाहेर छतावर ऊन नुसतं जळत होतं. तेवढ्या उन्हावर एरवी घर, मशीन, गाडी सगळं चालून वीज लाईनीत परत जायची.

मी म्हटलं, “अहो, तुम्ही एवढ्या मोठ्या कारखान्याची लाईट सांभाळली. ह्या एका डब्याला काहीच करता येत नाही?”

ते डोळे मिटून होते. तसेच म्हणाले, “येतं.”

“काय येतं?”

“त्या डब्याला फक्त वाटलं पाहिजे की लाईट आलीय. गाडीतला सप्लाय घरच्या बोर्डात सोडला, तर डबा म्हणंल ग्रिड आली. पॅनल चालू होतील.”

मी पुठ्ठा खाली ठेवला. “मग?”

“मग काय न्हाई. मेन स्विच पाडला तरी त्याचा भरवसा काय? जुना हाय तो. एखादी पट्टी आतनं चिकटलेली असली तर सगळा करंट डीपीतनं उलटा चढून लाईनीत जाईल. तिकडं पोलवर माणसं चढलेली हायेत आता.”

“स्विच चिकटला नसेल तर?”

“आन् असला तर?”

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मला ती लग्नाच्या इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती. फाउंड्रीत एकदा शटडाऊन घेऊन, म्हणजे सप्लाय बंद करून, त्यांचा जोडीदार विजेच्या पॅनेलमध्ये हात घालून काम करत होता. दुसऱ्या शेडमध्ये कुणीतरी जनरेटर चालू केला. तो करंट जिथून यायला नको तिथून आला. “मी त्याचं पाकीट धरून उभा हुतो,” हे म्हणाले. “त्यानं काम करताना पडू नये म्हणून दिलं हुतं माझ्याकडं.” एवढं बोलून त्यांना धाप लागली.

मला त्या माणसाचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, की आपल्या छतावर वीज पडून आहे आणि हा माणूस, ज्याला ती काढता येते, ती काढत नाही.

“ते वायरमन तुमचे कोण लागतात?” मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले.

मी बाहेर आले. पडवीत त्यांची हत्यारांची पेटी होती. त्यातून वायरचा तुकडा काढला, टेस्टर, पक्कड घेतली. ह्यांच्याशी बावीस-तेवीस वर्षं संसार केला, प्लग बदलताना, बोर्ड उघडताना टॉर्च धरून शेजारी उभी राहिले होते. काय कुठं जोडायचं याचा मला अंदाज होता. मीटरच्या पेटीपाशी गेले आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. खाड् असा आवाज आला. मला वाटलं, झालं, सुटला. नीट सुटलाय. पेटीचं झाकण उघडलं. घामानं पक्कड निसटत होती. पोलवरची माणसं त्या वेळी खरंच माझ्या डोळ्यांपुढं नव्हती. मी त्यांना येऊच देत नव्हते.

मागं काहीतरी पडल्याचा आवाज आला. वळले तर हे पडवीच्या दाराला धरून उभे होते. नळी नाही. खोलीपासून दारापर्यंत दहा पावलं आहेत, ती त्यांनी ऑक्सिजनशिवाय टाकली होती. वाटेत स्टूल पडलं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ. त्यांनी फक्त हात पुढं केला, पक्कड दे म्हणून.

मी धावले. त्यांना धरून आत आणेपर्यंत ते माझ्या अंगावर रेलले होते. नळी लावली. बोटावर एक्काहत्तर. तो आकडा वर यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी त्यांच्या पायाशी बसून होते आणि पक्कड त्यांच्या मुठीत होती.

मग मी ठरवलं. वरवंडला हायवेवर एका हॉटेलपाशी चार्जर आहे; ह्यांना इतके तास सोडून जायला नको म्हणून तो विचार मी टाळत आले होते. नदीच्या पलीकडं लाईट होती. गाडीत चोवीस टक्के. जाऊन, चार्ज करून परत यायचं, तेवढा वेळ हे सिलेंडरवर. ह्यांना बरोबर नेणं शक्य नव्हतं, त्या उन्हात, त्या अवस्थेत. मी आप्पांच्या घरी गेले. सून अंगणात शेवंतीची रोपं सावलीला ठेवत होती. मी म्हटलं, “मला वरवंडला जायचंय. ह्यांच्यापाशी कुणी बसेल का?”

तिनं हात धुतले. “चला,” म्हणाली. आप्पाही काठी घेऊन मागं निघाले.

सिलेंडरचा काटा कुठं आहे, कुठं आला की काळजी करायची, बोटाचं यंत्र कसं लावायचं, हे सगळं तिला दाखवलं. ह्यांना म्हटलं, “तीन तासांत येते.” ह्यांनी मान हलवली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

नदीच्या पुलावरून जाताना मी एसी लावला नाही, खिडक्याही बंद ठेवल्या, गाडी हळू चालवली, चार्ज कमी लागावा म्हणून. घामानं साडी पाठीला चिकटली होती. वरवंडला पोचले तेव्हा चार्जरला एक गाडी लागलेली होती. पुण्याहून सोलापूरला निघालेलं कुटुंब, हॉटेलात जेवायला बसलेलं. दुसरा चार्जर होता, त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलेली, बंद आहे.

मी हॉटेलात शिरले आणि टेबलांमधून विचारत फिरले, बाहेरची पांढरी गाडी कुणाची. एका माणसानं हात वर केला. चाळिशीचा, नीटनेटका. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला शब्दच सुचेनात. वर्गात चाळीस मिनिटं न थांबता बोलणारी मी. शेवटी म्हटलं, “माझे मिस्टर ऑक्सिजनवर आहेत. घरी लाईट नाही. माझी गाडी...”

तो उठला. बायकोला म्हणाला, “तुम्ही जेवा.” बाहेर येऊन त्यानं आपली गाडी काढली. त्याच्या गाडीत फक्त पन्नास टक्के झालं होतं. माझ्या फोनमधलं ऍप चालेना, रेंज अडत होती, तर त्यानं स्वतःच्या फोनवरून माझ्या गाडीचं चार्जिंग सुरू करून दिलं आणि पैसे द्यायला लागले तर घेतले नाहीत. मी त्याचं नाव विचारलं नाही. तेव्हा सुचलं नाही.

पाऊण तास मी गाडीच्या बाजूला उभी होते. आप्पांच्या सुनेचे मोबाईल बंद होते. त्या दोन्ही मोबाईलना मी चार्जिंग करू दिलं असतं, तर तिथून मला ह्यांची खबर कळली असती. कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन का होईना, तिनं फोन केला असता. हे लक्षात आलं तेव्हा मी तिथंच खाली बसले. हॉटेलातल्या पोऱ्यानं पाणी आणून दिलं.

अठ्ठ्याहत्तर टक्के झाल्यावर मी वायर काढली. जाताना हळू गेले होते, येताना आले तशी गाडी आजवर चालवलेली नाही.

घरी आप्पा दारातच होते. “बाई, लवकर आत जा. भाऊ झोपल्यात, पर उठंनात नीट.”

सून रडवेली होऊन बसली होती. सिलेंडरचा काटा लाल पट्ट्याच्या थोडा वर होता. तो तिथं नसायला हवा होता, त्याहून खाली गेलेला असायला हवा होता. मी चावीकडं पाहिलं. तीन लिटरवर ठेवलेला ऑक्सिजन एकवर आणलेला होता.

“त्यांनीच सांगितलं,” ती म्हणाली. “म्हणले, बाईला उशीर झाला तर पुरला पाहिजे. मी नको म्हणत हुते.”

त्या दिवशी दुसऱ्यांदा त्यांनी आपला श्वास कमी करून घेतला होता. ह्यांचं अंग गार आणि ओलसर लागत होतं. हाक मारली की डोळे उघडत, परत मिटत. बोटावर चौऱ्याहत्तर. मी चावी तीनवर नेली, मग चारवर. मशीनला गाडी जोडायचा विचारही मनात आला नाही. आप्पांच्या मुलानं आणि मी ह्यांना उचलून मागच्या सीटवर घातलं, सिलेंडर पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे आडवा ठेवला, सून ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

दौंडच्या वाटेवर, पाटसच्या अलीकडं, ह्यांना थोडी शुद्ध आली. “कुठं?” म्हणाले.

“दौंडला.”

त्यांनी डोळे मिटले. विरोध करायचीही ताकद उरली नव्हती, आणि तेवढ्यासाठी मला त्या वेळी बरं वाटलं. ते मला आजही खुपतं.

नऊ दिवस आम्ही तिथं होतो. पहिले दोन दिवस डॉक्टर माझ्याशी नजर टाळून बोलत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की मशीनवर घ्यायची वेळ आली तर घ्यायचं का, म्हणजे मोठ्या मशीनवर, नळी घशातून घालून. मुलगी हैदराबादला नोकरी करते, ती वाटेत होती. मी सांगितलं, ती येईपर्यंत थांबा. मी निर्णय घ्यायला घाबरत होते. माझ्या आधीच्या निर्णयांनी ह्यांना तिथवर आणलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा आपणहून वर यायला लागला. ह्यांचे हात ह्या खेपेला बांधावे लागले नाहीत. ते स्वतःच एक हात दुसऱ्या हातानं धरून पडून असत.

गावाला लाईट पाचव्या दिवशी आली. आप्पांचा फोन आला. “बाई, तुमच्या वरचं सुरू झालं बघा. डब्यावर हिरवा दिवा लागलाय. मी म्हनलं सांगावं.” मी वॉर्डच्या बाहेर व्हरांड्यात होते. मी त्यांना बरं म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मला काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर महिन्याभरात आम्ही दुसऱ्या प्रकारचा इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवली. आता लाईट गेली तरी पॅनल चालू राहतात, लाईनीशी संबंध आपोआप तुटतो. काम करायला आलेल्या माणसानं जुना मेन स्विच काढून कोपऱ्यात टाकला. मी त्याला उघडून बघायला सांगू शकले असते, की आतली पट्टी खरंच चिकटलेली होती का. ह्यांनाही बघता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. तो इतर भंगाराबरोबर गेला.

त्या सकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही. वीज कंपनीचा वायरमन अधूनमधून आमच्या बांधावरून जातो, तिशीचा, सडपातळ. ह्यांना हात करतो. हे खुर्चीतून हात करतात. मी आत जाते. हे आले नसते तर मी ती वायर जोडली असती का, हे मला सांगता येत नाही. नसती जोडली असं म्हणायला मला फार आवडेल.

आप्पांच्या सुनेला मात्र मी सांगितलं. तिच्या घरी जाऊन, बसून. मोबाईलचं चुकलं माझं, म्हटलं. ती म्हणाली, “जाऊ द्या की बाई, माझं माणूस असतं तर मी बी तसंच केलं असतं.” मला ते खरं वाटलं नाही. तिनं चहा टाकला.

गेल्या महिन्यात दौंडला तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ऑक्सिजन, जो वादळानंतर तीनवरून पाच लिटरवर गेला होता, तो आणखी एका लिटरनं वाढवायला सांगितला. आमचं मशीन पाच लिटरचं आहे, ते आता पुरत नाही, दहाचं घ्यावं लागणार. त्यानंतर काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. परत येताना हे खिडकीबाहेर बघत होते. घर आलं, गाडी पडवीत लावली, मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. ते लगेच उतरले नाहीत. छताकडं बघत होते.

“दहाचं मशीन जवळजवळ दुप्पट वीज खाईल,” म्हणाले. “अजून दोन पॅनल बसतील तिकडं, टाकीच्या अंगाला. सावली येत न्हाई तिथं.”

“बसतील,” मी म्हटलं, आणि त्यांचा हात खांद्यावर घेतला.